काचणे

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडाशी, टाचांना, खुब्यांना होणाऱ्या जखमेला पुस्तकी मराठीत 'शय्याव्रण' म्हणतात. शब्द नेटका आहे, संस्कृत वळणाचा आहे आणि इंग्रजीतल्या जुन्या शब्दाबरहुकूम बेतलेला आहे. या शब्दाच्या पोटात एक कार्यकारणभावही दडलेला आहे: रुग्ण पडून राहिला आणि शय्येने त्याला जखम केली. दोष शय्येचा. पण जखम नाकाच्या दांड्यावर झाली असेल तर? कानामागे, ओठाच्या कोपऱ्यात, जिभेच्या कडेला, बोटाच्या टोकावर झाली असेल तर? या जागांना शय्येचा स्पर्शही होत नाही. तिथे दाब देणारी वस्तू वेगळीच असते, आणि ती रुग्णाला वाचवण्यासाठीच त्याच्या अंगावर आलेली असते.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो भाषेच्या वाटेने. मी मराठीची प्राध्यापिका. माझी भाची परिचर्याशास्त्रात एम.एस्‌सी. करत होती. तिच्या प्रबंधाचा विषय होता अतिदक्षता विभागातील परिचारिकांना वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या दाबाच्या जखमा कशा टाळाव्यात याचे ज्ञान किती आहे, हा. या शाखेतल्या प्रबंधांची एक ठरीव रीत आहे. निवडक रुग्णालयांतल्या परिचारिकांना एक प्रश्नावली द्यायची, मग त्यांना विषय शिकवायचा, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि गुणांतला फरक मोजायचा. प्रश्नावलीचा मराठी अनुवाद करायचा असेल तर तो भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. भाची कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तू फक्त शुद्धलेखन बघ आणि सही कर." शुद्धलेखन बघायला अर्धा तास पुरला असता. प्रत्यक्षात पहिल्याच ओळीवर आम्ही दोन संध्याकाळ बसलो, कारण पहिल्याच ओळीत 'शय्याव्रण' होते.

आधी मूळ गोष्ट सांगायला हवी. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या अंगावर किती वस्तू असतात, याचा हिशेब आपण भेटीच्या दहा मिनिटांत करत नाही. आपण चेहरा शोधत असतो. तोंडातून श्वासनलिकेत गेलेली व्हेंटिलेटरची नळी, ती जागेवर राहावी म्हणून गालांवरून नेलेली पट्टी, नाकातून जठरात उतरलेली रायल्स ट्यूब, बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, मनगटाशी धमनीतली सुई आणि तिला आधार देणारी फळी, मांडीवरून जाणारी लघवीची नळी, अपघाताचा रुग्ण असेल तर मानेला कॉलर. शिवाय कूस बदलताना पाठीखाली सरकलेली एखादी वायर किंवा सुईचे टोपण. यातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे दाबत असते. त्वचा आणि हाड यांच्यामध्ये जिथे मांस कमी, तिथे हा दाब लवकर बाधतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात, खालच्या पेशी ताणल्या-चुरगळल्या जातात, वस्तूखाली घाम आणि लाळ साठून कातडी भिजते. काही तासांत तिथली ऊती मरू लागते.

अशा जखमेचे एक लक्षण व्याख्येतच नोंदलेले आहे: तिचा आकार बहुधा तिला कारण झालेल्या वस्तूसारखा असतो. मास्कची जखम नाकाच्या दांड्यावर मास्कच्या कडेसारखी उमटते, नळीची जखम नळीएवढी गोल किंवा लांबट असते. अमेरिकेतील २०१० सालच्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल झाल्यानंतर उद्भवलेल्या दाबाच्या जखमांपैकी ३४.५ टक्के जखमा साधनांमुळे झालेल्या आढळल्या. म्हणजे तीनांतली एक. असे असूनही दाबाच्या जखमेचा धोका मोजण्यासाठी १९८७ पासून जगभर वापरात असलेल्या ब्रेडन मापनश्रेणीत साधनांचा रकानाच नाही. संवेदना, ओलावा, चलनवलन, स्थिती बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण अशी तिची सहा अंगे आहेत. मोजमाप करणाऱ्यांच्याही मनात दीर्घकाळ शय्याच होती, असा याचा अर्थ.

जखमेचा दोष कुणाचा, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील थोर मज्जाविकारतज्ज्ञ शार्को याने अशा जखमांचे मूळ मज्जासंस्थेच्या बिघाडात आहे, असे मानले. पक्षाघातानंतर नितंबावर लवकर उमटणारी काळी जखम ही त्याच्या लेखी मृत्यूची सूचना होती. जखम जर आतूनच येत असेल, तर ती टाळण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. त्याच्याआधीच ब्राऊन-सेकार याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की मज्जारज्जू तुटलेला असतानाही दाब आणि ओलावा दूर ठेवला तर जखम होत नाही. आणि १८५९ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात आणखी पुढे जाऊन म्हटले, की अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. शुश्रूषेला तिने असे प्रतिष्ठेचे स्थान दिले खरे, पण त्याच वाक्याने परिचारिकेला कायमची आरोपीही करून ठेवले. जखम झाली की बोट तिच्याकडे वळते. झाली नाही तर तिच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने नाव बदलले. 'व्रण' हा शब्द काढून 'इजा' या अर्थाचा शब्द आणला. कारण तर्कशुद्ध होते. व्रण म्हणजे उघडी जखम. पण पहिल्या पायरीवर आणि खोलवरच्या इजेत कातडी वरून अखंड असू शकते, मग तिला व्रण कसे म्हणावे? युरोपातील मंडळाने मात्र जुना शब्दच ठेवला. परिणामी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या शीर्षकात दोन्ही शब्द तिरप्या रेघेच्या दोन बाजूंना नांदत आहेत. इजा म्हटले की 'कुणी केली' हा प्रश्न मागोमाग येतो आणि प्रकरण वकिलांपर्यंत जाते, अशी भीतीही त्या वेळी व्यक्त झाली होती. एका नामाची निवड करताना कर्ता कोण हे ठरत असते, ही गोष्ट व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला नवी नाही. पण तिची किंमत कुणाची नोकरी असू शकते, हे व्याकरणाच्या तासाला सहसा आठवत नाही.

तर, आम्ही पहिल्या ओळीवर अडलो होतो. भाचीने तिच्या मार्गदर्शक बाईंकडून आलेला पर्याय सांगितला: 'वैद्यकीय उपकरणजन्य दाबक्षती'. शब्द अचूक आहे. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर शोभेल. मी तिला विचारले, "तुमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता एक नर्स दुसरीला हे कसं सांगते?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सांगते की, पाच नंबरचा मास्क नाकावर काचतोय, बघ जरा."

'काचणे' हे क्रियापद ऐकल्यावर मला शय्याव्रणाचे सगळे अपुरेपण एकदम स्पष्ट झाले. परकराची नाडी काचते. बांगडी काचते. बाळाच्या लंगोटाची गाठ काचते. घट्ट बांधलेल्या दोऱ्याने कातडीवर जी खोलगट खूण उमटते तिला 'करकोचा' असा स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहे. नवी चप्पल चावते; म्हणजे चप्पल इथे कर्ता आहे, पाय कर्म. बैलाच्या मानेवर जू घासून होणाऱ्या दुखण्याला शेतकरी खांदेसूज म्हणतो, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोण्या-हळदीने मळण्याची प्रथा आजही अनेक गावांत आहे. वापराच्या वस्तूने वापरणाऱ्याला इजा होते, ती वस्तू टाकून देता येत नाही, म्हणून तिची आणि शरीराची गाठ जिथे पडते त्या जागेवर नजर ठेवायची, हे सगळे ज्ञान या भाषेत आधीपासून आहे. परिभाषा घडवताना आपण संस्कृत कोशाकडे गेलो आणि घरातल्या या शब्दांना विचारलेच नाही.

पण 'काचणे' या शब्दात एक अडचणही आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्या अडचणीतच आहे. काचते ते ज्याला काचते त्यालाच कळते. 'काचतंय' हे वाक्य मुळात प्रथमपुरुषी आहे. निरोगी माणूस ते उच्चारतो तरी, नाही तर झोपेतही हात हलवून, कूस बदलून स्वतःची सुटका करून घेतो. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे हे वाक्यच हिरावलेले असते. त्याला गुंगीचे औषध दिलेले असते, कधी स्नायू शिथिल करणारे औषध असते, कधी मज्जारज्जूच्या इजेमुळे संवेदनाच गेलेली असते. जो पूर्ण जागा आहे त्याचीही व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असल्यामुळे आवाज निघत नाही. काच आहे, पण 'काचतंय' म्हणणारा कुणी नाही. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी हे वाक्य त्याच्या वतीने तयार करावे लागते. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचे ज्ञान म्हणजे मला वाटते मुख्यतः हे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २०१८ च्या पावसाळ्यात माझे वडील श्वासाच्या जुन्या विकाराने सोळा दिवस अतिदक्षता विभागात होते. पहिले अकरा दिवस त्यांना तोंडा-नाकावर घट्ट बसणारा मास्क लावलेला होता, ज्यातून यंत्र दाबाने हवा आत सोडते. हवा कडेने निसटली तर यंत्र ओरडते. म्हणून मास्क आवळावा लागतो. आवळला तर नाकाच्या दांड्यावर रुततो. वडील जागे होते, पण मास्कमधून त्यांचे बोलणे कळत नव्हते. ते शिक्षक होते, आणि आपले बोलणे समोरच्याला कळत नाही याचा त्यांना राग येई.

रात्रपाळीला केरळमधल्या एक सिस्टर असत. त्यांचे मराठी मोजक्या शब्दांचे होते, आणि त्या मोजक्या शब्दांत 'काचतं' हा शब्द होता. तो त्यांनी वॉर्डातल्या मावशींकडून उचलला होता. "बाबा, काचतं का?" असे विचारून त्या उत्तराची वाट पाहत. वडील मान हलवत, किंवा भुवया उंचावत, आणि त्यावरून त्यांना काय ते समजे. मग पट्ट्याखालून दोन बोटे सरकवून त्या ताण पाहत, एका बाजूचा पट्टा किंचित सैल करत, यंत्राच्या आकड्याकडे नजर टाकत, पुन्हा अगदी थोडा आवळत. नाकाच्या दांड्यावर त्यांनी पहिल्याच रात्री एक पातळ, मऊ पट्टी कापून बसवली होती. पाणी पाजण्यासाठी मास्क काढायची परवानगी मिळाली की त्या आधी नाक बघत. टॉर्चच्या उजेडात बघत, आणि मग बोटाने हलके दाबून बघत. कानांमागेही बोट फिरवत. या सगळ्याला फार तर तीन मिनिटे लागत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते कितीदा केले असेल, मी मोजले नाही.

बाराव्या दिवशी वडिलांना नळी घातली. त्यानंतर ते मानही हलवू शकत नव्हते. "बाबा, काचतं का?" हे विचारणे सिस्टरांनी तरीही थांबवले नाही, फक्त आता उत्तर त्यांना स्वतःच शोधावे लागे. नळी ओठाच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर काही तासांनी ती डावीकडे जाई. तोंडाच्या आत टॉर्च टाकून त्या जीभ आणि हिरड्या बघत. नळी हलवताना ती एक-दोन सेंटिमीटर जरी बाहेर आली तरी जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम दोघींनी मिळून करायचे असते. एकीने नळी धरायची, दुसरीने पट्टी बदलायची. एखाद्या रात्री दुसरी परिचारिका मोकळी नसे. तेव्हा त्या थांबत, घड्याळ बघत, आणि कुणी आले की लगेच हाक मारत.

सोळाव्या दिवशी वडील गेले. घरी आणल्यावर आत्या त्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, चेहरा कसा जसाच्या तसा राहिला. कुणीतरी म्हणाले, पुण्यवान माणूस. मी काही बोलले नाही. त्या चेहऱ्यावर अकरा दिवस मास्क आणि पाच दिवस नळी होती. तो जसाच्या तसा राहिला नव्हता. तो कुणीतरी राखला होता. रुग्णालयाने दिलेल्या कागदांत औषधे होती, तपासण्या होत्या, यंत्राचे दिवस होते. न झालेल्या जखमेची नोंद कुठल्याही कागदावर नव्हती.

या अनुभवानंतर भाचीची प्रश्नावली वाचताना माझ्या मनात दोन परस्परविरोधी गोष्टी होत्या. एकीकडे तिचे महत्त्व पटत होते. साधनाखालची आणि भोवतालची त्वचा दिवसातून किमान किती वेळा तपासावी? किमान दोनदा, सूज असेल तर अधिक वेळा. तोंडाच्या आतल्या श्लेष्मल त्वचेवरील जखमेला कातडीच्या जखमेसारख्या पायऱ्या लावता येतात का? नाही, कारण तिची रचनाच निराळी आहे. लाल झालेल्या जागी चोळावे का? चोळू नये. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे विशेष मोलाचे आहे, कारण आपल्या परिचारिकांच्या कित्येक पिढ्या पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून मालिश करायला शिकल्या. रबरी रिंगेचेही तसेच. एकेकाळी ती घरोघरी वापरली गेली, आज ती वापरू नये असे सांगितले जाते, कारण कडेच्या दाबाने मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. मायेने केलेली कृती अपाय करू शकते आणि ते नुसत्या मायेने कळत नाही. त्यासाठी पुस्तक लागते, परीक्षा लागते.

दुसरीकडे, या परीक्षा नेमके काय मोजतात हा प्रश्न सुटत नव्हता. दाबाच्या जखमांबद्दलचे परिचारिकांचे ज्ञान मोजण्याच्या चाचण्यांना आता बराच इतिहास आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत बार्बरा पीपर यांची चाचणी आली: बरोबर, चूक, माहीत नाही. २०१० मध्ये बेल्जियममध्ये दिमित्री बेकमन आणि सहकाऱ्यांनी २६ बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तयार केली. त्याच गटाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला भाचीच्या टिपणांत सापडला. १४ रुग्णालयांतल्या ५५३ परिचारिकांची चाचणी घेतली, तेव्हा सरासरी गुण पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली आले. धोक्यात असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना पूर्णपणे योग्य काळजी मिळत होती असे रुग्ण फक्त १३.९ टक्के होते. आणि सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी, की काळजीची योग्यता परिचारिकांच्या ज्ञानाच्या गुणांशी स्वतंत्रपणे जोडलेली आढळली नाही; ती त्यांच्या वृत्तीशी जोडलेली आढळली. हा अभ्यास सर्वसाधारण दाबाच्या जखमांचा आहे, केवळ साधनांच्या नाही. तरीही ज्याला उत्तर माहीत आहे तो ते करतोच असे नाही, हे त्यातून दिसते. छंद ओळखता येणे आणि कविता वाचता येणे यांतले अंतर आपण शिक्षक रोज पाहतो. हे अंतर त्याच जातीचे आहे, फक्त इथे त्याची किंमत दुसऱ्याच्या कातडीने चुकवायची असते.

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली: आपल्याला जे सांगता येते त्यापेक्षा अधिक आपल्याला ठाऊक असते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या कामाकडे त्याच प्रकारच्या दृष्टीने पाहिले आणि नवखेपणापासून नैपुण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या दाखवल्या. निपुण परिचारिका नियम आठवून निर्णय घेत नाही. तिला परिस्थितीच एकसंध दिसते. साधनांच्या जखमांत हे फार ठळकपणे जाणवते. एक उदाहरण देते. जंतुसंसर्गाने रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी शिरेतून भरपूर द्रव दिला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे अंग सुजते. सोमवारी नेमक्या मापाने बांधलेली पट्टी बुधवारी कुणीही हात न लावता घट्ट झालेली असते. त्यातच रक्तदाब टिकवणारी औषधे बोटांकडचा, कातडीकडचा रक्तप्रवाह कमी करत असतात. पट्टी तीच, गाठ तीच, नोंदवहीत फरक शून्य. बदलले आहे ते शरीर. हे ज्या परिचारिकेला दिसते तिला एकाच वेळी तीन दिवस दिसत असतात.

त्वचेच्या रंगाचेही असेच आहे. पाठ्यपुस्तकात पहिल्या पायरीचे लक्षण दिलेले असते: दाबल्यावर फिकी न पडणारी लाली. पण ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ती पुष्कळदा दिसतच नाही. तिथला रंग थोडा गडद, थोडा निळसर झालेला असतो, किंवा तोही बदल नजरेत येत नाही. मग शेजारच्या जागेशी तुलना करावी लागते, बोटाने ऊब किंवा थंडावा, कठीणपणा किंवा लिबलिबीतपणा जोखावा लागतो. अलीकडच्या मार्गदर्शिका हे आता स्पष्ट सांगतात. सिस्टर टॉर्चने पाहून झाल्यावर बोटाने का दाबत, हे मला भाचीच्या कागदांतून उलगडले. चित्रे ज्या कातडीची छापली गेली ती कातडी समोर नसताना वाचन कसे करायचे, हे त्या सरावाने शिकल्या होत्या.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. आपण साहित्याची माणसे अशा अव्यक्त ज्ञानाचे कौतुक फार सहज करतो. हातांचे शहाणपण, स्पर्शाची भाषा वगैरे म्हटले की लेख गोड होतो. पण या गौरवाच्या आडून दोन अन्याय खपून जाऊ शकतात. पहिला असा, की जे अव्यक्त आहे त्याचा मोबदला मागता येत नाही. तीन मिनिटांचे ते काम दर दोन-तीन तासांनी, दोन माणसांनी करायचे, तर पाळीवर तेवढी माणसे हवीत. एका परिचारिकेकडे एकाऐवजी तीन-चार रुग्ण सोपवले तर आधी गळते ते हेच काम, कारण ते न झाल्याचे त्या पाळीत कुणाच्या लक्षात येत नाही. जखम पुढच्या पाळीत उमटते. दुसरा असा, की ज्ञान एकीच्या हातातच राहिले तर ती बदली होऊन गेली की तेही जाते. वृत्ती महत्त्वाची ठरली म्हणून प्रश्न वृत्तीवर ढकलून मोकळे होणे म्हणजे नाइटिंगेलच्या वाक्याचा सोयीस्कर अर्धाच भाग घेणे आहे.

२०२० साली या विषयाने एक विचित्र वळण घेतले. करोनाच्या वॉर्डात तासन्‌तास घट्ट मास्क आणि गॉगल लावून काम करणाऱ्या परिचारिकांच्या नाकाच्या दांड्यांवर, गालांवर, कानांमागे तशाच जखमा झाल्या. त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. मास्कखाली मऊ पट्टी लावावी तर हवा कडेने आत शिरेल का, हा पेच त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर येऊन बसला. त्याच काळात श्वासाला फार त्रास होणाऱ्या रुग्णांना सलग सोळा-सोळा तास पालथे ठेवले जात होते. या उपायाने मृत्यू कमी होतात हे २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले होते, आणि दाबाच्या जखमा वाढतात हेही. गाल, कपाळ, हनुवटी आणि तोंडातली नळी यांच्यामध्ये उशी कुठे ठेवायची हे त्या दिवसांत परिचारिका ठरवत होत्या, स्वतःच्या नाकावर करकोचे वागवत. तेव्हा 'काचतंय' हे प्रथमपुरुषी वाक्य आणि ते दुसऱ्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती, दोन्ही एकाच जागी आली होती.

पुन्हा आमच्या कागदांकडे येते. मी सुचवले, की शीर्षकात 'वैद्यकीय उपकरणजन्य दाबक्षती' राहू दे, पण प्रश्नांमध्ये आणि नातेवाइकांच्या माहितीपत्रकात 'साधन काचून होणारी जखम' असे लिहू या. नातेवाइकांना 'दाबक्षती' वाचून काही कळणार नाही. 'काचते' म्हटले की मुलगा किंवा सून स्वतःहून सांगेल, की बघा हो, इथे काचतंय असं वाटतं. असे सांगणारे एक माणूस वाढले तरी फायदाच आहे. दुसरी सूचना अशी, की प्रश्नावलीच्या शेवटी एक मोकळा प्रश्न असावा: साधन काचू नये म्हणून तुम्ही करता अशी एखादी गोष्ट लिहा, जी तुम्हाला कुणी शिकवली नाही.

पहिली सूचना समितीने मान्य केली, 'काचून' या शब्दाभोवती अवतरणचिन्हे घालून. दुसरी फेटाळली. मोकळ्या उत्तराला गुण देता येत नाहीत, आणि गुण नसतील तर ते तक्त्यात बसत नाही, हे कारण त्यांच्या चौकटीत योग्यच होते. भाची थोडी हिरमुसली. मी तिला म्हटले, तुझा प्रबंध होऊ दे, तो महत्त्वाचा आहे. ज्या परिचारिकेला चोळू नये हे माहीत नाही तिला ते कळलेच पाहिजे. तो प्रश्न मात्र तू वहीत ठेव. पाळी संपताना, चहाच्या वेळी, एकेकीला विचारत जा आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव.

तिने आता नोकरी धरली आहे. वही तिच्याकडे आहे. मजकूर फार नाही, पाच-सहा पाने आहेत, आणि त्यांतली क्रियापदे कुठल्याही पारिभाषिक कोशात नाहीत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना अशा वह्यांकडेही वळावे असे मला वाटते. बोलींचे, व्यवसायांचे शब्द आपण गोळा करतो; लोहाराचे, कुंभाराचे, विणकराचे कोश झाले आहेत. रात्रपाळीतल्या परिचारिकांची मराठी अजून कुणी लिहून घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. ती लिहून घेतली तर भाषेला चार शब्द मिळतील, आणि नव्या परिचारिकेला एखाद्या रुग्णाचे नाक वाचवता येईल.